चौथा पुकारा

मुंबईत विधानभवन आहे आणि दिल्लीत संसद, हे कासारटेंभीच्या माणसाला टीव्हीवरून माहीत आहे. पण ‘सरकार’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर ती येत नाहीत. येते ती काळ्या दगडाची, पाच कमानींची तालुका कचेरी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तसं पाहिलं तर पाथर्डीकडच्या या सगळ्या कोरडवाहू पट्ट्यात शहाणा माणूस औषधालाही सापडायचा नाही, कारण या कचेरीच्या सात पायऱ्या चढला नाही असा खातेदारच इथे नाही. बांध, वाट, वारस, विहिरीतला हिस्सा, काही ना काही असतंच.

या कचेरीत भिमाजी कोंडीराम भिंगारदिवे एकतीस वर्षं शिपाई होता. शिपाई काय, पैशाला पासरी असतात. पण भिमाजी पुकाऱ्याचा शिपाई. तहसीलदारांपुढे सुनावणी लागली की मधल्या कमानीत उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची हे त्याचं काम. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, आणि शेवटी लांबवलेलं ‘हाजर व्हाऽऽ’. असे तीन पुकारे. तिसऱ्यालाही माणूस आला नाही तर आत कारकून ‘गैरहजर’ लिहिणार, साहेब सही करणार, आणि त्या माणसाचं म्हणणं त्याच्या पोटातच राहणार.

भिमाजी मात्र चौथा पुकारा द्यायचा. तो नियमात नव्हता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी साळूबाई नावाची एक म्हातारी वारसाच्या नोंदीसाठी आली होती. तीन पुकारे झाले तेव्हा ती मागच्या नळावर पाणी पीत होती. पदर सावरत आली, तोवर सही झालेली. म्हातारी रडली नाही की भांडली नाही; पायरीवर बसून नुसती ‘मी हितंच हुते की, मी हितंच हुते’ म्हणत राहिली. भिमाजीने घरी येऊन बायकोला, चांगुणाबाईला, हे सांगितलं, तर ती फुंकणी टाकून अंगावरच आली. “तुमचा घसा काय सरकारनं मोजून दिलाय का? आजून येकदा वरडला असता तर झिजला असता व्हय?”

दुसऱ्या दिवसापासून तिसरा पुकारा झाला की भिमाजी सातही पायऱ्या उतरून खाली यायचा आणि शेवटच्या पायरीवरून, लिंबाच्या झाडाकडे तोंड करून, चौथा पुकारा द्यायचा. त्या झाडाखाली छबूबाईचा चहाचा गाडा. चौथं नाव ऐकलं की छबूबाई हातातलं काम न सोडता तेच नाव पुढे ढकलायची, “अरं, अमका कोन हाय? पुकारा झाला, पळ!” मग बाकड्यावरचा, उसाच्या रसापाशी उभा असलेला, मागे लघवीला गेलेला, जो कोण असेल तो चपला हातात घेऊन धावत सुटायचा. बदलून आलेले साहेब पहिले आठ दिवस कुरकुरत, मग त्यांनाही सवय होई. एकतीस वर्षांत ऐकू न आल्यामुळे कुणी गैरहजर लागला नाही, एवढी एकच बढाई भिमाजी मारायचा.

शेवटच्या पायरीचं आणखी एक होतं, ते तो फारसं कुणाला सांगत नसे. दीडशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात, खडी फोडायला आलेल्या उपाशी माणसांच्या हातून ही कचेरी उभी राहिली. भिमाजीच्या पणज्याने तिच्यासाठी चुना वाहिला होता. आणि आजोबा गावकामगार म्हणून याच कचेरीसाठी आरोळी ठोकायचे. पण आरोळी सरकारची असली तरी आरोळी देणाऱ्याने थांबायचं ते शेवटच्या पायरीच्या खाली, मातीत. पायरीला पाय लावायचा नाही. त्यांचा नातू मधल्या कमानीत उभा राहून पाटला-देशमुखांना बापाच्या नावासकट पुकारायचा, आणि ते पळत यायचे. पहिल्या दिवशी तिथे उभा राहिला तेव्हा भिमाजीच्या घशातून आवाजच निघेना. वडील, कोंडीराम, लिंबाखाली उभे राहून बघत होते, आणि त्यांनी मान हलवल्यावर मगच पहिलं नाव बाहेर आलं.

आवाज तरी कसा जायचा! कचेरीच्या मागच्या गल्लीत चौथं घर भिमाजीचं. तिथे चांगुणाबाईला चुलीपाशी सगळे पुकारे ऐकू यायचे. शेवटच्या प्रकरणाचा पुकारा झाला की ती तवा टाकायची, आणि भिमाजी दारात पाय धुवेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. बांधणाऱ्या गवंड्याने व्हरांड्याच्या भिंतीत, छताच्या खाली, ओळीने मातीची मडकी गाडली होती, तोंडं बाहेर ठेवून. ती आवाज धरतात आणि पुढे फेकतात. पुढे कुण्या साहेबाला ती तोंडं विद्रूप वाटली म्हणून वरून गिलावा झाला. पातळच होता, आवाजाला फारसा आडवा आला नाही. एवढं मात्र झालं की मडक्यांची गोष्ट जाणणारी माणसं एकेक करून गेली. कोंडीरामने ती भिमाजीला सांगितली होती. आता ती एकट्या भिमाजीच्या डोक्यात होती.

तीन वर्षांपूर्वी चांगुणाबाई गेली. लेक शुभांगी सुप्याला असते, जावई तिथल्या कंपनीत. रविवारी फोन येतो. “दादा, हिकडं या की राह्याला,” असं ती दर रविवारी म्हणते आणि ते मनापासून म्हणते. पण दोन खोल्यांत चार माणसं आहेत हे भिमाजीने डोळ्यांनी पाहिलं होतं. गावात काय, भावकी होती, ओळखी होत्या, पण घरात गेल्यावर बोलायला भांडीच. त्यामुळे तो सकाळी लवकर कचेरीत जायचा आणि उशिरा निघायचा. पुकारे असले की दिवस बरा जायचा. निदान आपण हाक मारली की कुणीतरी येतं.

मग गावाबाहेर नवं प्रशासकीय भवन झालं. काचेचं, तीन मजली, लिफ्ट असलेलं. टेम्पो लागले, कपाटं गेली, दप्तरं गेली, साहेबांची खुर्ची गेली. भिमाजीच्या निवृत्तीला दोनच महिने राहिले होते, म्हणून त्याला जुन्या इमारतीची राखण दिली. दोन महिने संपले, शाल-नारळ झाला, आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्याकडून परत घ्यायचं सगळे विसरले. तोही विसरला, असं म्हणू. रोज सकाळी तो दार उघडायचा, व्हरांडा झाडायचा, आणि मधल्या कमानीत स्टुलावर बसून राहायचा. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघत नसे. एकदा छबूबाईला चहा सांगायला गेला तर आवाज घोगरा आला, आणि त्याचा त्यालाच तो ओळखता आला नाही.

अशा दिवसांत मोनिका मॅडम आल्या. बांधकाम खात्याच्या इंजिनिअर, वय फार तर अठ्ठावीस, डोक्यावर टोपी, हातात छोटी हातोडी आणि कागद अडकवलेली फळी. म्हणाल्या, “काका, इमारतीची तपासणी करायची आहे. तुम्हाला माहिती असेल ना हिची?”

माहिती असेल ना! भिमाजीला वाटलं, कुणीतरी विचारलं. त्याने स्टूल पुसून दिलं, छबूबाईकडून स्पेशल चहा आणला आणि मॅडमना दगड न् दगड दाखवला. पाथरवटांनी कोरलेल्या खुणा दाखवल्या, कुठे मासा, कुठे त्रिशूळ, कुठे चूल. कामाचा मोबदला म्हणून धान्य मिळायचं, ते कुणाच्या खुणेचे किती दगड यावरून ठरायचं. मधली कमान बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच आहे ते दाखवलं. आणि डॉक्टरपासून दुखणं लपवू नये म्हणतात, म्हणून तेही सगळं सांगितलं. “ह्या कोपऱ्यात गळतंय बरं का मॅडम. हा तडा भूकंपाच्या साली गेला. ती तुळई वाळवीनं खाल्लीय.” मॅडम भरभर लिहून घेत होत्या. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय ही भिमाजीच्या जन्मातली पहिलीच वेळ होती.

मॅडमनी व्हरांड्याची भिंत वरच्या अंगाला हातोडीने ठोकली. बद्द आवाज आला. “इथे पोकळ आहे का?”

“पोकळच हाय!” भिमाजी हरखून म्हणाला. “हितनं तितपत्तर समदं पोकळ. आत मडकी हायेत, मॅडम, आवाजासाठी. थांबा, दावतो.” आणि किती तरी दिवसांनी तो मधल्या कमानीत ताठ उभा राहिला आणि त्याने पुकारा दिला. “मोनिकाऽऽ मॅडऽऽम, हाजर व्हाऽऽ!” मॅडम खळखळून हसल्या, टाळ्याही वाजवल्या. मग मोबाईल वाजला आणि त्या बोलत बोलत जीपकडे गेल्या. पोरगी चांगली होती, वाईट अजिबात नव्हती. पण तिच्या हातातल्या छापील कागदावर ‘तडे’ असा रकाना होता, ‘गळती’ असा होता, ‘पोकळी’ असाही होता. ‘मडकी’ असा नव्हता.

दीड महिन्याने कचेरीच्या दाराला नोटीस डकवली गेली. वर ठळक अक्षरांत ‘निर्लेखन’. सरकारी भाषेत मोडक्या वस्तू भंगारात काढण्याला निर्लेखन म्हणतात. भिमाजीने स्वतःच्या हाताने किती तरी तीन पायांच्या खुर्च्या निर्लेखनाच्या ढिगावर टाकल्या होत्या. त्याने चष्मा लावून खाली वाचलं. इमारतीच्या दर्शनी भिंतीत सर्वत्र पोकळ्या निर्माण झाल्या असून भिंत धोकादायक आहे. छत गळके आहे. तुळया वाळवीग्रस्त आहेत. सदर बाबींस दीर्घकाळ सेवा केलेल्या स्थानिक कर्मचाऱ्याने दुजोरा दिला आहे. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.

स्थानिक कर्मचारी. भिमाजी ते दोन शब्द कितीदा वाचत राहिला कोण जाणे. आपल्याच तोंडाने आपण आपल्या माणसाचं वाटोळं केलं, असं त्याला झालं. त्या दिवशी त्याने चहाही घेतला नाही.

अर्ज लिहिणारा राधाकृष्ण आता नव्या भवनासमोर छत्री लावून बसायचा. तो म्हणाला, “भिमाजी, तडे-गळती सोड. ते डागडुजीनं भागतं, त्यांनाबी ठावं हाय. भिंत पोकळ, हेच त्यांचं खरं हत्यार. मडकी मुद्दाम बसवलेली हायेत, भिंत खचून पोकळ झालेली न्हाई, येवढंच सांग. साहेबासमोर तोंडी सांग, जमलं तर गिलावा खरडून दाव म्हन. येक मडकं दिसलं की काम झालं.” अर्ज गेला. सबंध तालुक्यातून हरकत एकच आली, भिमाजीची. सुनावणीची तारीख लागली, गुरुवार, सकाळी अकरा.

गुरुवारी भिमाजीने निवृत्तीच्या दिवशीचा पांढरा सदरा घातला. चांगुणाबाईच्या फोटोला म्हणाला, “आज माझा पुकारा हाय.” हे बोलताना त्याला थोडं हसू आलं आणि थोडं कसंतरी झालं. दहालाच तो नव्या भवनात पोचला. खाली एका यंत्रातून पोराटोरांच्या खेळातल्यासारखी नंबराची चिठ्ठी काढावी लागली. चिठ्ठीवर १४. वरच्या मजल्यावर सुनावणीच्या दालनाबाहेर ही गर्दी. भिमाजीने दालनाच्या दाराला लागूनच भिंतीकडची खुर्ची धरली. का, तर शिपाई दारातून बाहेर येऊन पुकारा देणार, आणि आवाज आधी इथेच पडणार. एकतीस वर्षांचा अनुभव होता त्याच्यापाशी.

त्याने मनाशी सगळी उजळणी केली. साहेब, ती पोकळी न्हाई, मडकी हायेत. साहेब, ती मुद्दाम ठेवलेली हायेत. दालनाचं दार उघडत होतं, मिटत होतं, माणसं आत जात होती, बाहेर येत होती. आपापल्या ओळखीने जात असतील, असं त्याला वाटलं. डोक्यावर मधूनमधून ‘टिंग’ असं काहीतरी वाजत होतं. कुणाचा तरी मोबाईल असेल. शिपाई काही बाहेर येईना. भिमाजीला त्या न दिसलेल्या शिपायाचा राग आला. काय कामचुकार माणूस आहे, घशाला काय झालंय याच्या! त्याने कान टवकारले आणि हलला नाही. तहान लागली होती, पण पाणी प्यायलाही उठला नाही. साळूबाई नळावर गेली होती, हे तो विसरणारा नव्हता.

दीड वाजता गर्दी पांगली. दालनाला कुलूप लागलं. तेव्हा तो खिडकीतल्या कारकून मुलीकडे, पूजाकडे गेला. “बाई, भिंगारदिवेचा पुकारा कवा?”

तिने संगणकात पाहिलं. “चौदा नंबर? तो सव्वाअकराला झाला, बाबा. तीन वेळा दाखवला.”

“म्या तर दारातच हुतो. कायबी ऐकू आलं न्हाई.”

“ऐकू कसं येईल? दाखवला म्हणते मी.” तिने बोट वर केलं. भिमाजी बसला होता त्या खुर्चीच्या बरोबर वर, भिंतीला, भलामोठा टीव्ही होता. त्यावर अजून कुठला तरी नंबर लाल होऊन थांबला होता. ज्या भिंतीला तो पाठ लावून बसला होता, त्याच भिंतीवर त्याला तीनदा बोलावलं गेलं होतं.

“चौथ्यांदा न्हाई दावलं का?” त्याने विचारलं.

“चौथ्यांदा?” तिला कळेना. “तीनदाच असतं ना. ऑर्डर चढवली पण साहेबांनी.” तिने पडदा त्याच्याकडे वळवला. ‘हरकतदार गैरहजर. हरकत निकाली काढण्यात येत आहे.’ मुलीचा चेहरा पडला होता. “बाबा, मला माहीत असतं तर मी हाक मारली असती हो.”

ती खोटं बोलत नव्हती. पण सही झाल्यावर काय होतं आणि काय होत नाही, हे भिमाजीला कुणी शिकवायला नको होतं. त्याने शेकडो लोकांना ते समजावून घरी पाठवलं होतं. “मी हितंच हुतो की,” तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे वाक्य आपलं नाही.

तो पायीच जुन्या कचेरीपाशी आला. दुपारचं ऊन दगडावर रणरणत होतं. लिंबाखाली गिऱ्हाईक नव्हतं, छबूबाई पाठमोरी बसून भांडी घाशीत होती. भिमाजी सात पायऱ्या चढला, मधल्या कमानीत उभा राहिला. घसा खाकरला.

“भिमाजी कोंडीराम भिंगारदिवेऽऽ, मुक्काम कासारटेंभीऽऽ, हाजर व्हाऽऽ!”

आवाज भिंतीतल्या मडक्यांत शिरला आणि मोठा होऊन बाहेर पडला. भिमाजीने प्रत्येक पुकाऱ्यानंतर थांबायचा असतो तेवढा वेळ थांबून दुसरा दिला. पुन्हा थांबून तिसरा दिला. मागच्या गल्लीत तो नक्की पोचला असणार. चौथ्या घरापर्यंत पोचला असणार, आणि तिथे चूल थंड होती. मग तो एकेक पायरी उतरला, शेवटच्या पायरीवर आला, लिंबाकडे तोंड केलं आणि सगळा जीव घशात आणून चौथा पुकारा दिला.

छबूबाईने मागे वळूनही पाहिलं नाही. तीस वर्षांची सवय. पातेलं घाशीत घाशीत ती ओरडली, “ओ भिंगारदिवेऽऽ, कोन हाय त्ये? पुकारा झाला, पळा!”

आणि मग तिचा हात थांबला.

“आलो, आलो,” भिमाजी म्हणाला. त्याने पायरीखाली चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि गुडघे दुखत असतानाही पळत पायऱ्या चढून आत गेला. सुनावणीच्या खोलीत काही नव्हतं. चौथऱ्यावर साहेबांची खुर्ची होती तिथे फरशीला चार खळगे पडले होते. पक्षकार उभे राहतात त्या जागी तो उभा राहिला. चपला खाली ठेवल्या, हात जोडले.

“साहेब, ती पोकळी न्हाई. मडकी हायेत आत. मी पोकळ म्हनलो त्ये खरं, पन माझं म्हननं तसं न्हवतं. आमच्या आज्यानं सांगितलेलं माझ्या बापाला, बापानं मला. मला म्होरं सांगायला कोन न्हाई, म्हनून तुमाला सांगतोय. पाडायचं तर पाडा, साहेब. पन पोकळ म्हनून पाडू नगा. आन् हाजरीत माझं नाव लावा. मी सकाळी धापासनं हाजर हाय.”

बोलून झाल्यावर तो तसाच हात जोडून उभा राहिला, इतकी वर्षं त्याने आत आणलेली माणसं उभी राहायची तसा. बाहेर व्हरांड्यात छबूबाई ओले हात पदराला पुसत कधीची येऊन थांबली होती. कचेरीत एवढी वर्षं चहा पोचवूनही या खोलीच्या आत ती कधी आली नव्हती. तिने उंबरा ओलांडला, त्या चार खळग्यांकडे पाहिलं, भिमाजीकडे पाहिलं.

“लावलं,” ती म्हणाली. “चला, च्या घ्या.”